उघड्या दाराची पाचर

आपल्या वस्तीत दिवसा दार बंद ठेवण्याची पद्धत नाही. सकाळी नळाला पाणी येते तेव्हा उघडलेले दार रात्री अंथरुणे पडेपर्यंत उघडेच असते. वाऱ्याने ते आपटू नये म्हणून कुणी वीट लावतो, कुणी जुना वरवंटा, तर कुणी पाण्याने भरलेला डबा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहायची, तर वारा आणि उजेड यायचा तो दारातूनच. दिवसाढवळ्या दार बंद दिसले की शेजारी विचारतात, "काय झालं? कुणी आजारी आहे का?"

म्हणूनच शेजारच्या वहिनींचा धाकटा मुलगा नऊ महिन्यांनी घरी आला आणि आल्या आल्या त्याने दाराची वीट पायाने बाजूला सारली, तेव्हा सगळ्यांना नवल वाटले. दार धाडकन आपटले. वहिनी आतून ओरडल्या, "अरे, वीट कशाला काढलीस?"

तो ओशाळला. म्हणाला, "सवय झाली गं आई. नऊ महिने हेच केलं. लोकांनी दाराला लावलेल्या पाचरी काढत फिरलो."

मुलगा क्रूझवर केबिन स्टुअर्ड आहे. म्हणजे प्रवाशांच्या खोल्या साफ करणे, गाद्यांच्या चादरी बदलणे, टॉवेल ठेवणे, मोरी धुणे हे त्याचे काम. आपल्या वस्त्यांतील बरीच मुले, आणि आता मुलीही, या कामाकडे वळत आहेत. त्याची ही दाराची आणि पाचरीची गोष्ट मी दोन संध्याकाळ बसून ऐकली. ती नुसती जहाजाची गोष्ट नाही, असे वाटले म्हणून येथे सांगतो आहे.

वाचकहो, क्रूझ म्हणजे तरंगते हॉटेल. मोठ्या जहाजावर दोन-तीन हजार प्रवासी असतात, काहींवर पाच हजारांहूनही अधिक. त्यांच्या दिमतीला हजार-दीड हजार कर्मचारी. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरूनही अशी जहाजे गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे जातात. जहाजावरच्या खोलीला केबिन म्हणतात. सर्वांत स्वस्त केबिन आतल्या बाजूची, तिला खिडकीच नसते. त्याहून थोडी महाग केबिन घेतली तर खिडकी मिळते, पण ती उघडत नाही. आणि जो जास्त पैसे मोजतो त्याला बाल्कनी मिळते. दोन खुर्च्या, एक छोटे टेबल आणि समोर समुद्र.

या बाल्कनीला काचेचे जाड दार असते. कुठे ते बाजूला सरकते, कुठे बिजागरीवर उघडते. दाराच्या कडेला रबराची पट्टी असते आणि मूठ फिरवली की दार चौकटीत घट्ट बसते. बाहेरची हवा बाहेर आणि आतली आत. दार असे मुद्दामच बनवलेले असते. आणि प्रवाशाला नेमके तेच नको असते.

माणूस म्हणतो, मी समुद्रासाठी पैसे मोजले. मला रात्रभर लाटांचा आवाज ऐकत झोपायचे आहे. कुणाला यंत्राची थंड हवा सोसत नाही. कुणाला ओले कपडे वाळवायचे असतात. कुणाचा बंद खोलीत जीव घाबरा होतो. मग दार उघडे राहावे म्हणून प्रत्येक जण आपापली युक्ती काढतो. कुणी घरूनच रबराची पाचर घेऊन येतो. कुणी फटीत टॉवेलची गुंडाळी कोंबतो, कुणी खुर्ची आडवी लावतो, कुणी चप्पल सरकवतो, तर कुणी दाराची मूठ दोरीने बाल्कनीच्या कठड्याला बांधतो.

मी त्याला म्हटले, "अरे, मग बिघडलं कुठे? त्याच्या पैशाची खोली, त्याचं दार. आपणही वीट लावतोच की!"

तो म्हणाला, "काका, मलाही पहिले दोन महिने असंच वाटायचं. माणसं काही वाईट नसतात. त्यांना वारा हवा असतो, एवढंच. पण जहाजावर कुणाचंच दार एकट्याचं नसतं."

हे त्याने कसे समजावले ते पाहा. जहाजावर आपल्याकडच्यासारखे प्रत्येक खोलीत वेगळे एसीचे खोके नसते. मोठी यंत्रे एका जागी बसवलेली असतात. ती बाहेरची हवा घेतात, थंड करतात, तिच्यातला ओलावा काढतात आणि पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत पोहोचवतात. वापरलेली हवा बहुतेक ठिकाणी मोरीच्या छतातल्या झरोक्यातून ओढून घेतली जाते. किती हवा आत सोडायची आणि किती ओढायची, याचा हिशेब सगळ्या खोल्यांसाठी मिळून बसवलेला असतो.

आता एका खोलीने दार उघडून ठेवले. जहाज उष्ण समुद्रात आहे. बाहेरची हवा गरम, दमट आणि खारी. ती आत शिरते आणि गार भिंतीला, गार छताला, हवेच्या गार जाळीला लागते. पुढे काय होते ते आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. उन्हाळ्यात थंड पाण्याने भरलेला तांब्या बाहेर ठेवला की त्याला बाहेरून पाणी सुटते. ते पाणी तांब्यातून झिरपत नाही, ते हवेतले असते. तशीच सगळी खोली तांब्यासारखी घामेजते. आरसा धुरकट होतो, छताच्या जाळीतून थेंब टपकू लागतात, गालिचा ओला होतो, चादरी दमट होतात. चार दिवसांत कुबट वास सुटतो आणि मग बुरशी. इकडे थंड हवेचे यंत्र तो समुद्र वाळवायला धडपडत राहते आणि त्यापायी इंधन जळते.

म्हणून पुष्कळ जहाजांवर दाराच्या चौकटीत एक छोटे बटण बसवलेले असते. दार उघडे राहिले की त्या खोलीची थंड हवा आपोआप बंद होते. त्यावरही काही शहाणे लोक चौकटीला लोहचुंबक लावून त्या बटणाला चकवतात. ज्यांना हे जमत नाही ते फोन करतात, "आमच्या खोलीत एसी चालत नाही." मिस्त्री येतो, पाहतो, दार बंद करतो आणि एसी चालू होतो. तक्रार मात्र वहीत लिहिली जाते आणि तिच्यापुढे नाव लागते स्टुअर्डचे.

दुसरी गोष्ट बोटांची. जहाज चालते तेव्हा बाल्कनीवर सतत वारा असतो. बाल्कनीचे दार उघडे आणि त्याच वेळी कुणी मधल्या बोळाकडचे दार उघडले, की खोलीतून वाऱ्याचा झोत निघतो. कागद, नॅपकिन, हलके कपडे उडून समुद्रात जातात. प्लास्टिक तर समुद्रात टाकायला १९८८ च्या अखेरीपासून जगभर बंदी आहे, मग ते मुद्दाम टाका की हलगर्जीने जाऊ द्या. त्याहून वाईट म्हणजे दार आपटते. ते आपल्या पत्र्याचे दार नव्हे, जाड काचेचे वजनदार दार आहे. जहाज एका बाजूला कलले की पाचर सटकते आणि ते वजन स्वतःहूनच चालू लागते. लहान मुलाचा हात मध्ये असला तर? त्याने दोनदा चेचलेली बोटे पाहिली आहेत. एकदा प्रवाशाची, एकदा सोबतच्या स्टुअर्डची.

आणि तिसरी गोष्ट आगीची. ती ऐकल्यावर मात्र माझा युक्तिवाद संपला.

चोहीकडे पाणी असताना जहाजाला आगीचे भय काय, असे आपल्याला वाटते. पण खलाशाला विचारा. तो बुडण्याइतकाच आगीला भितो. कारण जहाजावरून पळून जायला जागा नसते आणि बाहेरचा बंब येत नाही. जे करायचे ते आत असलेल्या माणसांनीच करायचे.

२३ मार्च २००६ ची घटना आहे. 'स्टार प्रिन्सेस' नावाचे मोठे प्रवासी जहाज कॅरेबियन समुद्रात ग्रँड केमनहून जमैकाच्या माँटेगो बे बंदराकडे चालले होते. जहाजावर २,६९० प्रवासी आणि १,१२३ कर्मचारी होते. पहाटे तीनच्या सुमारास दहाव्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने चौकशी केली. त्यांच्या अहवालाप्रमाणे, कुणीतरी टाकलेले सिगारेटचे थोटूक हे बहुधा कारण असावे. ते थोटूक बाल्कनीतल्या सामानात सुमारे वीस मिनिटे नुसते धुमसत राहिले. मग ज्वाळा निघाल्या.

त्या काळी बाल्कन्यांमधले आडोसे प्लास्टिकच्या जातीचे होते, खुर्च्याही तशाच. खोल्यांच्या आत आग विझवणारे पाण्याचे फवारे होते, पण बाल्कनी ही बाहेरची जागा समजली जाई, म्हणून तिथे फवारा नव्हता आणि आगीची सूचना देणारे यंत्रही नव्हते. त्यात जहाजावरून जोराचा वारा वाहत होता. ज्वाळा निघाल्यापासून अवघ्या सहा मिनिटांत आग एका बाल्कनीवरून दुसरीवर जात अकराव्या आणि बाराव्या मजल्यावर पोहोचली. उष्णतेने बाल्कन्यांच्या दारांच्या काचा फुटल्या आणि आग खोल्यांत शिरू लागली. प्लास्टिकचा काळा धूर खोल्यांत आणि बोळांत भरला. माणसांना बाहेर पडणे अवघड झाले. एक प्रवासी धुराने गुदमरून मरण पावला आणि तेरा जणांवर धुरामुळे उपचार करावे लागले. ७९ केबिन पूर्ण निकामी झाल्या, आणखी २१८ केबिनचे आगीने, धुराने किंवा पाण्याने नुकसान झाले. आग विझायला सुमारे दीड तास लागला.

एवढी आग लागूनही शेकडो माणसे वाचली, ती कशामुळे? अहवाल सांगतो की, आग आत शिरली तेव्हा प्रत्येक खोलीतल्या फवाऱ्याने तिला तिथल्या तिथे अडवले. खोल्यांतले सामान सहज पेट घेणारे नव्हते. आणि भिंती आगीला दाद न देणाऱ्या होत्या. म्हणजे प्रत्येक खोली ही एक पेटी आहे. पेटी बंद असली तर आग पेटीतच राहते, किंवा पेटीच्या बाहेरच राहते.

आता त्या पेटीच्या दाराला पाचर लावली आहे असे समजा. मग काच फुटण्याची वाटच पाहायला नको. धूर पहिल्या मिनिटाला आत. वारा आगीला आत ढकलणार आणि फवाऱ्याचे पाणी विस्कटून टाकणार. झोपलेल्या माणसाला उठून बोळाकडे जायला जी चार-पाच मिनिटे बंद दाराने मिळाली असती, ती त्याने स्वतःच्या पाचरीने घालवली. आणि त्याच्या खोलीतून धूर बोळात गेला तर शेजारच्या वीस खोल्यांतल्या माणसांचीही वाट बंद झाली.

त्या आगीनंतर नियम बदलले. समुद्रावरच्या सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याचा पहिला मसुदा 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर १९१४ साली झाला, त्यात बाल्कन्यांसाठी नवी कलमे आली. १ जुलै २००८ पासून ती लागू झाली. बाल्कन्यांचे आडोसे न जळणारे हवेत. बाल्कनीतल्या खुर्च्या-टेबले सहज न पेटणारी नसतील, तर तिथेही फवारा आणि आगीची सूचना देणारे यंत्र बसवलेच पाहिजे. पुष्कळ कंपन्यांनी बाल्कनीत विडी-सिगारेट ओढायला मनाई केली. बोळाकडच्या दाराविषयीचा नियम तर आणखी कडक आहे. ते दार आपोआप बंद झाले पाहिजे आणि त्याला उघडे अडकवून ठेवणारी कडी लावायला परवानगीच नाही.

म्हणजे ज्यांनी जहाजे बांधली त्यांनी एकेक मृत्यूपासून शिकून दार बंद व्हावे अशी व्यवस्था केली. आणि आठ आण्यांच्या रबराच्या तुकड्याने ती सारी व्यवस्था मोडते.

आता या साऱ्यात आपला मुलगा कुठे उभा आहे, ते ऐका.

स्टुअर्ड दिवसातून दोनदा प्रत्येक खोलीत जातो. म्हणून दाराला पाचर आहे हे सर्वांत आधी त्याला दिसते. त्याने ती काढली तर प्रवासी रागावतो. प्रवासी रागावला तर टिप जाते आणि सफर संपताना जो शेऱ्यांचा कागद भरून घेतात त्यावर वाईट शेरा पडतो. वाईट शेरे जमले तर पुढचे कॉन्ट्रॅक्ट मिळेल की नाही याची खात्री नाही. आणि त्याने पाचर तशीच ठेवली तर? तेही त्याने सांगितले.

त्याच्या पहिल्याच कॉन्ट्रॅक्टमधली गोष्ट. एका खोलीत वयस्क जोडपे होते. भली माणसे. रोज त्याला नावाने हाक मारायची, घरची चौकशी करायची. म्हाताऱ्या बाईंना बंद खोलीत झोप येत नसे. त्यांनी दाराला पाचर लावली होती. त्याने पाहिले, पण बोलला नाही. आईच्या वयाच्या बाईला 'नाही' कसे म्हणायचे? आणि खरे सांगायचे तर टिपेचाही विचार मनात होता. त्याने ते लपवले नाही. तिसऱ्या रात्री समुद्र खवळला, पाऊस आला. दार उघडे. पहाटेपर्यंत गालिचा पाण्याने भरला, पाणी शेजारच्या खोलीत गेले. जहाजाच्या एका झोक्याबरोबर पाचर सटकली, दार आपटले आणि सावरायला गेलेल्या बाईंच्या मनगटाला मार बसला. सुदैवाने हाड मोडले नाही.

सकाळी चौकशी झाली. पाचर कधीपासून होती? तीन दिवसांपासून. त्या खोलीत रोज दोनदा कोण जात होते? हा. मग त्याने कळवले का नाही?

"काका," तो म्हणाला, "त्यांना दुसरी केबिन मिळाली आणि फळांची टोपली मिळाली. मला वॉर्निंग लेटर मिळालं. त्या रात्री मी माझ्या खोलीत बसून खूप रडलो."

त्याची खोली कुठे होती? जहाजाच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली. दोन माणसांना एक खोली, खाली एक बर्थ आणि वर एक. बाल्कनी सोडा, खिडकीसुद्धा नाही. नळीतून येईल ती हवा आणि दिव्याचा असेल तो उजेड. प्रवासी जहाजांवर कर्मचाऱ्यांना असे पाण्याच्या रेषेखाली ठेवायला आंतरराष्ट्रीय कायद्यानेच सवलत दिली आहे. अट अशी की उजेड आणि हवेची सोय नीट असावी. नऊ महिने ज्याने दुसऱ्यांची बाल्कनीची दारे पुसली, त्याच्या वाट्याला समुद्र आला तो ड्युटी संपल्यावर कर्मचाऱ्यांच्या डेकवर उभे राहून पाहता येईल तेवढाच.

वहिनी बाजूला तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "हे तू फोनवर कधी बोलला नाहीस."

तो गप्प राहिला. आपली मुले बाहेरून पैसे पाठवतात आणि चांगलेच तेवढे कळवतात. बाकीचे आईबापांनीच विचारून घ्यावे लागते.

वॉर्निंग लेटरनंतर काय? नोकरी सोडली का? नाही. त्याच मजल्यावर गोव्याचा एक जुना स्टुअर्ड होता. गोव्याची माणसे कित्येक पिढ्यांपासून बोटीवर काम करतात. त्यांच्याजवळ हे ज्ञान मुरलेले आहे. त्याने याला जवळ बसवून सांगितले, "बाबा, पाचर दिसली की तीन कामं करायची. पहिलं, कारण सांगायचं. नुसतं 'नियम आहे' म्हटलं की माणूस चिडतो. कारण सांगितलं की ऐकतो. दुसरं, त्याला जे हवंय ते दुसऱ्या वाटेनं द्यायचं. तिसरं, त्याच दिवशी सुपरवायझरला कळवायचं, आणि कळवल्याची वेळ आपल्या वहीत लिहून ठेवायची."

या तीन गोष्टींनी त्याचे पुढचे दिवस बदलले. थंडी वाजते म्हणणाऱ्याला तो भिंतीवरचे बटण फिरवून हवा कमी कशी करायची ते दाखवतो. जादा पांघरूण देतो. समुद्राचा आवाज हवा असेल त्याला म्हणतो, "साहेब, खुर्ची बाहेर ठेवून देतो. हवा तितका वेळ बसा, फक्त मागचं दार ओढून घ्या." जीव घाबरा होतो म्हणणाऱ्याला जहाजावरच्या डॉक्टरकडे पाठवतो, कारण तो खरोखरचा आजारही असू शकतो. ज्याला मुळीच ऐकायचे नाही त्याचे नाव सुपरवायझरकडे जाते. मग बोलणे त्याचे काम राहत नाही.

"किती जण ऐकतात?" मी विचारले.

"आगीची गोष्ट सांगितली की बहुतेक सगळे ऐकतात," तो म्हणाला. "त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, काका. दारावर नुसती पाटी असते, दार बंद ठेवा म्हणून. कशासाठी, ते तिथं लिहिलेलं नसतं."

या वाक्यापाशी मी थांबलो. किती साधी गोष्ट आहे! आपल्या जिण्यातही किती पाट्या अशा आहेत, ज्यांच्यावर हुकूम असतो पण कारण नसते. हुकूम मोडावासा वाटतो. कारण कळले की माणूस आपणहून वागतो. वारा हवा असणे ही चूक नाही. ज्याने आयुष्यभर कोंदट खोलीत दिवस काढले त्याला वाऱ्याची किंमत आपल्याहून अधिक कुणी सांगायला नको. चूक आहे ती आपल्या वाऱ्याची किंमत कोण मोजतो आहे, हे न पाहण्याची. ती कधी शेजारचा मोजतो. कधी खोली पुसणारा मोजतो. आणि रात्र वाईट असली तर सगळे जहाज मोजते.

आता ही गोष्ट आपल्या दारात आणू. आपली पुष्कळ कुटुंबे जुन्या चाळींतून आणि झोपड्यांतून पुनर्वसनाच्या उंच इमारतींत गेली आहेत. त्या इमारतींत जिन्याच्या तोंडाशी जड दार असते. आपोआप बंद होणारे. ते येता-जाता त्रास देते, हातात पिशव्या असल्या की नकोसे होते, म्हणून आपण त्याला काय करतो? वीट लावतो. कुंडी ठेवतो. नाही तर दोरीने गजाला बांधून टाकतो. वाचकहो, ते दार म्हणजे जहाजाचेच दार आहे. खाली मीटरच्या खोलीत किंवा गाड्यांच्या जागेत आग लागली, तर धूर जिन्याने धुराड्यासारखा वर चढतो. ते दार बंद असेल तर जिना मोकळा राहतो आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसे व पोरेबाळे खाली उतरू शकतात. विटेने अडवलेले दार असून नसल्यासारखे. आजच आपल्या मजल्यावर जाऊन पाहा. वीट असेल तर उचला, आणि शेजाऱ्याला ती का उचलली याचे कारण सांगा.

ज्यांच्या घरातले मूल या कामावर जाण्याच्या विचारात आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. जहाजावर पाय ठेवण्याआधी सुरक्षेचे मूळ प्रशिक्षण घ्यावे लागते. समुद्रात जीव वाचवणे, आग रोखणे व विझवणे, प्रथमोपचार, आणि स्वतःची व इतरांची सुरक्षितता, असे त्याचे चार भाग आहेत. हे प्रमाणपत्रापुरते उरकू नका. आगीचा भाग तर मन लावून शिका. भरती करणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही ते पाहा. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे कायद्याने मना आहे. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि खलाशाचे पुस्तक म्हणजे सीडीसी, एवढाच खर्च आपला. दागिने गहाण ठेवून एजंटाची भर करू नका. आणि कामाच्या तासांनाही हद्द आहे. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, किंवा काम २४ तासांत १४ आणि आठवड्यात ७२ तासांच्या वर जाता कामा नये. या दोहोंपैकी एक मर्यादा पाळणे बंधनकारक आहे. आपल्या तासांची नोंद आपल्याजवळ ठेवा. त्या जुन्या स्टुअर्डने सांगितलेली वही येथेही कामाला येते.

आणि एखादे वेळी आपल्यापैकी कुणाला प्रवासी म्हणून क्रूझवर जायचा योग आला, मुलाच्या कंपनीच्या पासावर का होईना, तर बाल्कनीत जरूर बसा. समुद्र पोटभर पाहा. आत येताना दार ओढून मूठ फिरवा. निघताना सुरक्षेची जी कवायत घेतात ती चुकवू नका. आणि खोली साफ करायला जो मुलगा येईल त्याच्यापुढे आपल्या हट्टाची पाचर ठेवू नका. तोही कुणाच्या तरी वस्तीतला आहे.

परवा तो पुन्हा बोटीवर गेला. निघताना वहिनींनी दाराची वीट उचलून त्याला दाखवली आणि विचारले, "ही ठेवू की काढू?"

तो हसून म्हणाला, "दिवसा ठेव. गॅस पेटलेला असताना मात्र वाऱ्यावर लक्ष ठेव. आणि रात्री झोपताना काढ."

आता त्यांच्या दाराची वीट रोज रात्री दहा वाजता आत जाते. आमच्याही.